मन उडालंय की अंग थकलंय?

वाचकाचं पत्र:

‘ताई, नमस्कार. माझं वय ३९. पूर्ण अंतराची ट्रायथलॉन करायची ठरवून २४ आठवड्यांचा प्लॅन घेतला. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणं. पहिले दोन महिने गजर व्हायच्या आधीच जाग यायची. आता चौदावा आठवडा संपला आणि गजर ऐकला की पोटात गोळा येतो. गेल्या पंधरा दिवसांत पाच सेशन बुडाली. आधीची बुडालेली मी हलक्या आठवड्यांत भरून काढली, आठव्यात काढली, बाराव्यातही काढली, तरी मागेच पडतेय. पूर्वी किलोमीटरला ६:४० मिनिटांचा पेस गप्पा मारत निघायचा, आता ७:१० ला धाप लागते. रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलंय. दिवसभर ऑफिसात आकडेमोड, म्हणून इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू धावणं, संध्याकाळी ठेवलेत, पण तेव्हा तर अंगात त्राणच नसतं. ग्रुपमधल्या बाकीच्यांचे आकडे ॲपवर बघितले की लाज वाटते. नवरा म्हणतो, एवढा त्रास होतोय तर सोडून दे. मला सोडायचं नाही, पण करवतही नाही. मोटिव्हेशन आणू कुठून?
– अर्ध्या वाटेवरची’

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा प्रश्न दिसला. दुसऱ्यांदा मधली तीन वाक्यं दिसली आणि प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावासा वाटला. पेस तीस सेकंदांनी घसरलाय, रात्री दोन-अडीचला जाग येते, जेवण निम्मं केलंय. हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे आणि मन त्याचा निरोप घेऊन आलंय.

तुमचाच हिशेब तुमच्यासमोर मांडते. असे प्लॅन बहुतेक वेळा तीन आठवडे चढते आणि चौथा हलका, या चालीने आखलेले असतात. तुमचे हलके आठवडे चौथा, आठवा आणि बारावा. त्यातल्या आठव्यात आणि बाराव्यात तुम्ही बुडालेली सेशन घुसवलीत. म्हणजे पाचव्या आठवड्यापासून चौदाव्याच्या अखेरपर्यंत, सलग दहा आठवडे, तुमच्या अंगाला दम खायला एकही आठवडा मिळालेला नाही. सरावाने ताकद वाढते असं आपण सहज म्हणतो. सराव करताना अंग झिजत असतं. ताकद भरते ती नंतर, झोपेत, जेवणात, हलक्या दिवसांत. झीज तुम्ही इमानदारीने केलीत, भरण राहून गेलं.

आणि अशा वेळी मन आधी बोलतं. विल्यम मॉर्गन या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या जलतरणपटूंच्या मनःस्थितीच्या नोंदी अनेक हंगाम ठेवल्या आणि १९८७ मध्ये त्या मांडल्या. पोहण्याचं अंतर वाढत गेलं तशी मुलांची चिडचिड, उदासी, थकवा वाढला आणि उत्साह घसरला. शर्यत जवळ आली, अंतर कमी केलं, तसा मूड पुन्हा वर आला. त्या मुलांना कुणी प्रेरणेचं भाषण दिलं नव्हतं. भार उतरला, एवढंच झालं होतं. म्हणून तुमची ओढ आटली यावरून स्वतःच्या स्वभावाबद्दल काहीही ठरवू नका. ‘मी आळशी आहे’, ‘माझ्यात चिकाटी नाही’ ही वाक्यं तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ओळींच्या मधून मला ती ऐकू आली.

मला ती ओळखता येतात, कारण मी स्वतःला ती एक अख्खा हंगाम ऐकवली आहेत. माझ्या दुसऱ्या मॅरेथॉनच्या तयारीत एका पहाटे मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. डाव्या पायात बूट, उजवा हातात, लेस सैल केलेली. चाळीस मिनिटं तशीच बसले. उजाडलं, दूध टाकणारा येऊन गेला, आणि मी तो बूट काढून परत वर गेले. त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस मी स्वतःला चाबकाने हाकलं. जोशाचे व्हिडिओ बघितले, वाक्यं लिहून आरशावर चिकटवली. उसनं अवसान दोन दिवस टिकायचं. शेवटी जिने चढतानाही धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं आणि शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला निघाला. उपचार सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी माझ्या लक्षात आलं की बूट चढवताना मी काही विचारच केला नव्हता. ज्याला मी चारित्र्याचा दोष समजत होते तो एका तपासणीत सापडण्यासारखा होता. तुमचंही हेच असेल असं मी म्हणत नाही. पण आधी हे बघा, मग मनाकडे वळा.

तेव्हा पहिलं काम. येत्या चार-पाच दिवसांत डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि बी-१२ तपासायचं का ते विचारा. फेरिटिनचा उल्लेख मुद्दाम करा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. आणि एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, ती स्वतःला विचारा: पाळी वेळेवर येते आहे का? ती लांबली किंवा थांबली असेल तर ‘व्यायाम वाढला की असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नसलं की शरीर आधी अशाच कामांत काटकसर करतं. हाडं ठिसूळ होतात, बारीक भेगा पडतात, झोप आणि मूड बिघडतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून एक नावच दिलं. ‘रेड-एस’ म्हणतात त्याला, म्हणजे खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची सापेक्ष तूट. हे स्त्रियांपुरतं नाही, पुरुषांनाही होतं.

त्यामुळे रात्रीचं निम्मं जेवण आजच बंद करा. या बाबतीत मी अजिबात मऊ बोलणार नाही. स्नायू आणि यकृतात मिळून माणसाकडे साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. चार-पाच तासांच्या राइडमध्ये त्याचा तळ दिसतो. तो तुम्ही संध्याकाळी भरतच नाही आणि दुसऱ्या पहाटे रिकाम्या टाकीवर पायांना जाब विचारता. अडीचची जाग भुकेची असण्याची शक्यता मला बरीच वाटते. वजन उतरवण्याचे महिने वेगळे आणि शर्यतीच्या तयारीचे वेगळे, दोन्ही एका वेळी ओढू नका. लांब राइडवरही दर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, सवय झाली की ९० पर्यंत. भूक लागायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून खायचं. प्रत्यक्ष शर्यतीच्या दिवशी तेच करावं लागणार आहे, त्यामुळे पोटालाही आत्तापासून सराव हवा.

दुसरं, पंधरावा आठवडा हलका करा. प्लॅनमध्ये काहीही लिहिलेलं असो. एकूण वेळ निम्मा, इंटरव्हल शून्य, दोन दिवस पूर्ण सुट्टी. पोहायला गेलात तर घड्याळ कपाटात. रोज सकाळी उठण्याआधी, अंथरुणातच, नाडी मोजून वहीत लिहा आणि शेजारी एका शब्दात झोप कशी लागली ते लिहा. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही, पण नाडी सलग तीन-चार दिवस नेहमीपेक्षा पाच-सात ठोक्यांनी वर राहिली आणि झोपही खराब असली, तर अंग अजून सावरलेलं नाही. मग सोळावाही हलकाच ठेवा.

मला माहीत आहे, हे वाचून तुमच्या छातीत धस्स झालं असेल. आधीच मागे, त्यात अजून सुट्टी! म्हणून बुडालेल्या सेशनबद्दल सविस्तर लिहिते. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुरलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवला आणि त्यांची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता मोजत राहिले. पहिल्या १२ ते २१ दिवसांत ती सात टक्के उतरली. हे पूर्ण थांबल्यावर! तुम्ही थांबत नाही आहात, अर्ध्यावर येत आहात, तेही सात दिवसांसाठी. चौदा आठवड्यांत साचलेलं एका आठवड्यात वाहून जात नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या धावपटू जोन बेनॉइट यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि सतराव्या दिवशी अमेरिकेची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन होती. त्या ती जिंकल्या आणि ऑगस्टमध्ये स्त्रियांची पहिलीवहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकल्या. शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशी पळावं म्हणून हे सांगत नाही, तसं कुणीही करू नये. मुरलेलं किती टिकतं, एवढ्यासाठी सांगते.

म्हणून आजपासून एक नियम: बुडालेलं सेशन बुडालं. ते पुढे ढकलायचं नाही, दुसऱ्यात मिसळायचं नाही, रविवारी जोडायचं नाही. वहीत त्यावर आडवी रेघ मारायची आणि कारण लिहायचं. ‘मीटिंग लांबली’, ‘मुलाला ताप’, ‘नको वाटलं’. तिसरं कारणही चालेल, फक्त खरं लिहा. महिनाभराने ती कारणं एकत्र वाचलीत की प्लॅन कुठे तुमच्या आयुष्याला टोचतोय ते आपोआप दिसेल.

संध्याकाळच्या इंटरव्हलचं उत्तर मला जवळजवळ खात्रीने देता येतं. सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सोळा जणांना ९० मिनिटं संगणकावर सतत लक्ष लागणारं काम करायला लावलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला सांगितली. दुसऱ्या एका दिवशी कामाच्या जागी साधे माहितीपट दाखवले आणि तीच सायकल. कामानंतर ते सरासरी ६४० सेकंदांत थांबले, माहितीपटांनंतर ७५४. हृदय, स्नायू यांत या फरकाचं कारण सापडलं नाही. फरक पडला तो जाणवणाऱ्या कष्टात, तोच भार डोकं शिणलेलं असताना जड वाटला. तुम्ही दिवसभर आकडेमोड करता आणि मग सर्वांत अवघड सेशन हातात घेता. ते अवघड वाटतं यात तुमची काही चूक नाही. इंटरव्हल आठवड्यातून एकदाच ठेवा, तेही सकाळी आणि आदल्या रात्री झोप झाली असेल तर. संध्याकाळ सोप्या धावण्याला द्या, किंवा पोहण्याला. पाण्यात डोकं खरंच रिकामं होतं.

सोपं म्हणजे सोपं, हे मात्र पाळा. स्टीफन सायलर यांनी रोइंग, स्कीइंग, धावणं अशा खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांची दहापैकी जवळपास आठ सेशन हलक्या जोराची निघाली. जगातले सर्वोत्तम लोक बहुतेक दिवस सावकाश जातात आणि आपण हौशी मंडळी रोज मधल्याच कुठल्यातरी वेगाने स्वतःला दमवतो. त्या वेगात विश्रांती मिळत नाही आणि प्रगतीही होत नाही. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, हीच कसोटी. त्यासाठी ७:४० लागला तर ७:४०. चढावर चालावं लागलं तर चाला.

आणि ते ॲप. पुढचे तीन आठवडे त्यावरची इतरांची फीड बंद ठेवा आणि तुमच्या नोंदी फक्त तुम्हाला दिसतील असं सेटिंग करा. तुमच्या ग्रुपमधल्या कुणाचं घर कसं चालतं, कोण किती झोपतं, कोण जुनी दुखापत लपवतंय, यातलं काहीच त्या आकड्यांत दिसत नाही. ग्रुप मात्र सोडू नका. आठवड्यातलं एक धावणं अशा कुणाबरोबर तरी ठरवा जिच्याशी बोलता येतं. नको वाटत असताना घराबाहेर पडायला मला सर्वांत जास्त मदत कशाची झाली असेल तर कोपऱ्यावर कुणीतरी उभं आहे, या एका गोष्टीची.

आता गजराबद्दल. अंग सावरल्यानंतरही रोज पहाटे उत्साह येईल असं मी वचन देणार नाही, कारण तो येत नाही. वर्षानुवर्षं धावणाऱ्यांनाही येत नाही. त्यांना फक्त हे माहीत असतं की पहाटे साडेचारला मनाला मत विचारायचं नसतं. निर्णय आदल्या रात्री झालेला असावा आणि तो अगदी बारीकसारीक असावा. ‘उद्या धावायचंय’ हा निर्णय अर्धवट आहे. ‘गजर झाला की दिवा लावीन, खुर्चीवरचे कपडे घालीन, दारापर्यंत जाईन’ हा पुरा झाला. मी कपडे घालायच्या क्रमाने ठेवते, वर मोजे, खाली टोपी. मग दहा मिनिटं हळू जा. दहा मिनिटांनंतरही पाय शिशासारखे असतील तर वळून घरी या आणि वहीत ‘परत आले’ असं लिहा. तेही सेशनच धरा. बहुतेक दिवशी तुम्ही वळणार नाही. ज्या दिवशी वळाल, त्या दिवशी वळणंच बरोबर असेल. आठवड्यात तीनदा वळावं लागलं तर पुन्हा हलका आठवडा घ्या.

नवऱ्याचं ‘सोडून दे’ मला टोमण्यासारखं ऐकू आलं नाही. रात्री अडीचला शेजारी कुणीतरी जागं आहे आणि चिडचिडं झालंय, हे त्यांना रोज दिसतंय. तुम्ही ‘मला सोडायचं नाही’ एवढंच म्हणता, का ते त्यांना सांगितलंय का? एका संध्याकाळी प्लॅन घेऊन दोघं बसा. कुठले शनिवार लांब राइडचे आहेत ते त्यांना दाखवा आणि मोकळे रविवार त्यांच्या हाताने निवडू द्या. आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की घरात पेस, सायकल, शर्यत हे शब्द निघणार नाहीत. अशा तयारीला घरातले सगळेच वेळ देत असतात, फक्त मेडल एकाच्या गळ्यात पडतं.

मधल्या आठवड्यांचा एक स्वभाव असतो, तो मी प्रत्येक तयारीत पाहिलाय. सुरुवातीची नवलाई सरलेली असते आणि शर्यत इतकी जवळ आलेली नसते की भीती तरी कामाला लागेल. अशा वेळी उरलेले आठवडे नीट मोजून घ्यावेत. तुमचे दहा उरलेत. पंधरावा हलका. सोळा, सतरा, अठरा जड. एकोणिसावा हलका. वीस, एकवीस, बावीस जड. शेवटचे दोन टेपर, म्हणजे भार उतरवत न्यायचा. जड आठवडे उरले फक्त सहा, दोन वेळा तीन-तीन. सोळावा हलका ठेवावा लागला तर पाचच. चौदा आठवडे केलेल्या बाईला सहा आठवडे डोंगराएवढे वाटायचं कारण नाही.

शर्यतीचं उद्दिष्टही पुन्हा लिहा. पूर्ण अंतराच्या बऱ्याच शर्यतींत सतरा तासांची मुदत असते. आयोजकांच्या नियमावलीत तुमच्या शर्यतीची मुदत आणि मधले कट-ऑफ बघून घ्या. मनात कुठला वेळ धरलाय ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ग्रुपमधल्या आकड्यांची लाज वाटते म्हणता त्यावरून तो तुमचा स्वतःचा नसावा असं वाटतं. पहिल्या वेळी मुदतीच्या आत, शुद्धीत, स्वतःच्या पायांवर रेघ ओलांडणं हे पुरेसं मोठं काम आहे. १९७८ मध्ये हवाईत ही शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा पंधरा जण उभे राहिले होते, पूर्ण केली बारा जणांनी.

सोडण्याबद्दलही बोलते, कारण तो पर्याय खरा आहे आणि त्याची लाज वाटायला नको. छातीत दुखलं, भोवळ आली, किंवा हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत राहिलं, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. तसंच, धावण्यापलीकडेही काहीच गोड वाटेनासं झालं, माणसं नको वाटली, दोन आठवडे ही उदासी हटली नाही, तर तो सरावाचा प्रश्न उरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आजच्या आज भेटा. यातलं काही नसेल, रिपोर्ट आले, पोटभर जेवलात, झोपलात, दोन आठवडे हलके गेले आणि तरीही ही शर्यत नकोशी वाटली, तर सोडा. फक्त तो निर्णय गजर वाजत असताना घेऊ नका आणि वाईट सेशनच्या रात्रीही घेऊ नका. विश्रांती झालेल्या एखाद्या दुपारी घ्या. तोवर नाव मागे घ्यायची किंवा पुढच्या वर्षीवर न्यायची मुदत कधी संपते तेवढं बघून ठेवा.

तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. वहीतली सकाळची नाडी, अडीचची जाग किती वेळा आली आणि रिपोर्टमध्ये काय निघालं, एवढंच लिहिलंत तरी चालेल. या शनिवारी राइड नाही. शुक्रवारी रात्री पोटभर जेवा आणि गजर बंद करून झोपा.

तुमची,
ताई